वाजलं का गा?

बाबा रिटायर होऊन घरी आले तेव्हा त्यांचे कान कोराडीच्या वीज केंद्रातच राहिले होते. सगळी नोकरी टर्बाइनच्या घरघरीत गेलेली. कानाचं मशीन लावायला ते तयार नव्हते. "आता नवीन काय ऐकायचं राह्यलं गा?" असं विचारायचे आणि आमचं उत्तर न ऐकता पेपर उघडायचे.

त्यांचं ऐकण्याचं काम मग आमच्या घरच्या कुत्र्याने अंगावर घेतलं. कुणी शिकवलं नाही. दाराची बेल वाजली की तो भुंकत नसे. सरळ बाबांच्या दिवाणाशी जायचा आणि त्यांच्या हाताखाली नाक खुपसायचा. बाबा उठून दार उघडायचे. कुकरच्या शिट्टीलाही तो तेच करायचा, त्यामुळे बाबा रोज वरणभातासाठीही एकदा दार उघडून बघत. माझ्या मुलांनी त्याला चांगलंसं नाव ठेवलं होतं, पण बाबा त्याला नुसतं 'बे' म्हणत, आणि तो त्यालाच ओ द्यायचा.

त्याचे कान लांब, केसाळ, खाली लोंबणारे. उन्हाळाभर कूलरसमोर पडून राहायचा, आणि ती ओल कानांत मुरायची. एकदा कान चिघळला तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना सगळं नीट दाखवून दिलं होतं. "माह्ये तं गेले," बाबा म्हणाले, "याचे तरी सांभाळू."

तेव्हापासून दर रविवारी गॅलरीत जुना पेपर पसरून कार्यक्रम व्हायचा. कानात औषध सोडायचं. मग कानाचं बूड बोटांनी चोळत राहायचं, आत पचपच वाजेपर्यंत. मग त्याला डोकं झटकू द्यायचं आणि कापसाने दिसेल तेवढंच पुसायचं. काडी आत घालायची नाही. अडचण एकच. ती पचपच बाबांना ऐकू कशी येणार? म्हणून शेजारी मी.

"वाजलं का गा?"

"नाही."

"आता?"

मी कुत्र्याच्या डोक्याला डोकं लावून बसलेला. "वाजलं!" असा ओरडायचो की समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबत. पन्नाशी उलटलेला माणूस, ऑफिसात चार जण साहेब म्हणतात, लग्नकार्यात किस्से सांगायला बसला की पंगत उठत नाही. आणि घरी कामगिरी ही. बायको म्हणायची, "माझं बोलणं कधी इतकं कान देऊन ऐकलं नाही तुम्ही."

ऐन मे महिन्यात बाबा गेले.

घर माणसांनी भरलं. बेल सारखी वाजत होती, आणि दर वेळी कुत्रा उठून दिवाणाशी जात होता. गादी गुंडाळून ठेवलेली. तो लाकडावर नाक टेकवायचा, थांबायचा, परत यायचा. ते बघून बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

दहाव्याच्या दिवशी घर धुतलं. पडदे, चादरी, फरशी, सगळं. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, कुत्र्याकडे बघून म्हणाली, "त्याले काहून सोडलं? तोही घरचाच ना. त्याचंही सुतक फिटू द्या." सगळ्यांना ते इतकं पटलं की कुणीतरी लगेच बागेचा पाइप आणला. बाबा आंघोळीआधी त्याच्या कानांत कापसाचे बोळे ठेवत, नंतर कान उलटे करून पंख्याखाली वाळवत. आम्हा सगळ्यांनाच ते माहीत होतं, आणि त्या दिवशी एकालाही आठवलं नाही. माझं नुकतं तासलेलं डोकं दोघीतिघींनी मायेने कोरडं केलं. तो ओलाच जाऊन कूलरसमोर झोपला.

तेरवी झाली आणि तो बेलला उठायचा थांबला. बेल वाजली तरी पडून राहायचा. आत्या गहिवरून म्हणाली, "समजलं बिचाऱ्याले." आम्हालाही तसंच वाटलं. फोनवर नातेवाइकांना मी ही गोष्ट सांगू लागलो, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे ती सुधारत नेली. तिसऱ्या फोनपर्यंत कुत्र्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

मग वास यायला लागला. तो कान फरशीवर घासू लागला, हात लावला की गुरगुरू लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आणि त्याच्या मागे उभं राहून जोरात टाळी वाजवली. त्याने वळूनही पाहिलं नाही.

"दोन्ही कान आतून सुजलेत, पू साचलाय," त्या म्हणाल्या. "नळी मोकळी झाली तर ऐकू येईल. नाही झाली तर नाही."

म्हणजे त्याला काहीही समजलं नव्हतं. बेल ऐकूच येत नव्हती.

औषध सुरू झालं. तो दिवाणाखाली शिरून बसायचा. बायको त्याला धरायची, मी थेंब सोडायचो. पहिले काही दिवस औषध कानापेक्षा माझ्या शर्टातच जास्त गेलं. दुखणं उतरलं तसा तो मांडीवर डोकं ठेवू लागला. मग एका रविवारी गॅलरीत बाबांच्या स्टुलावर बसून मी त्याच्या कानाचं बूड चोळत होतो. आत पचपच वाजली. आणि मी सवयीने, पूर्ण जोर लावून ओरडलो, "वाजलं!"

समोरच्या काकूंनी वर पाहिलं आणि पुन्हा कपडे वाळत घालू लागल्या.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी बेल वाजली. सिलिंडरवाला असणार. कूलरपासून लांब झोपलेल्या कुत्र्याचे कान हलले. तो उठला, दिवाणाशी गेला. आता तिथे गादी परत घातली होती. तिच्या काठावर, जिथे बाबांचा हात असायचा तिथे, त्याने नाक खुपसलं आणि वाट बघत उभा राहिला.

बेल पुन्हा वाजली. त्याने नाक आणखी आत खुपसलं.

बायको आतून म्हणाली, "अहो, दार उघडा ना. बसून काहून राहिले?"

"थांब जरा," मी म्हटलं. "त्याचं होऊ दे."