धोंडुबाईची पारख

कुपवाडच्या एमआयडीसीत धोंडुबाईची खानावळ होती. खानावळ म्हणजे वर पत्रे, खाली दोन चुली आणि मधे धोंडुबाईचा आवाज. शेजारच्या कारखान्यातली पत्रा कापायची प्रेस धडाधडा चालू असली तरी तिचं "भाकरी कुनाला?" शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं. लिहिण्यावाचण्याच्या नावानं शून्य. पुढं एकदा मी माझी मार्कशीट दाखवली, तर तिनं ती उलटी धरून सावकाश मान डोलावली. पण घरातून पळून आलेलं पोर ती बघता बघता ओळखायची. मला ओळखलं, म्हणून तर सांगतेय. आता तुम्ही म्हणाल, चांगल्या घरची पोरगी पळाली कशाला? अहो, सांगू तर द्या!

पंच्याण्णव साल. आमचे आप्पा कोयनानगरला प्रकल्पाच्या हापिसात क्लार्क. दहावीचा निकाल अकराला मिळणार होता आणि या गृहस्थांनी नऊलाच अख्ख्या कॉलनीत कंदी पेढे वाटले! "उमा माझी मुलगी आहे, नापास होईलच कशी?" म्हणे. अशी झाली. गणितात सतरा.

आप्पांनी कधी मला बोटसुद्धा लावलं नव्हतं, तेव्हा माराची भीती नव्हती. भीती होती ती पेढे खाऊन बसलेल्या कॉलनीची, आणि त्याहून जास्त आप्पांच्या पडलेल्या तोंडाची. ते बघायचं धाडस होईना. शाळेतून घरी न जाता सरळ स्टँड गाठलं, मिळेल ती एस.टी. धरली आणि कऱ्हाडवरून सांगलीत उतरले. रात्र तिथल्या स्टँडच्या बाकावरच काढली.

सकाळी तिथं एक सफारी सूटवाला भेटला. मधाचं बोट लावल्यासारखं बोलणं. गोव्याला हॉटेलात काम, राहायची सोय, महिना दोन हजार. नापास पोरीला दोन हजार कोण देतं आणि कशाचे देतं, हे गणित मी घातलंच नाही. सतरा मार्क काय उगाच पडले होते? "कुणी विचारलं तर मामा आहे म्हणून सांग," असं बजावून त्यानं मला स्कूटरवरून धोंडुबाईकडं आणून सोडलं. "जेवून घे, तीनपर्यंत तिकिटं काढून येतो." स्टँडवर पोलीस फिरत होते, म्हणून त्यानं मला तिथं ठेवलं नाही, हे आत्ता कळतं.

धोंडुबाईनं ताट वाढलं. "कुठली गं?"

"मिरजेची."

"वय?"

"एकोणीस."

तिनं माझ्या दोन वेण्यांतल्या लाल रिबिनींकडं बघितलं आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.

तेवढ्यात शेजारची प्रेस सुरू झाली. धाड! जमीन हादरली, ताटं थरथरली, पत्रे वाजले. वीस-पंचवीस कामगार खाली मान घालून निवांत जेवतायत आणि मी? ताट घेऊन अंगणात! कोपरापर्यंत आमटी, तोंडात घास आणि डोक्यावर मोकळं आभाळ. आमच्याकडं कोयनेला बाळ रांगायला लागायच्या आधी हे शिकतं.

धोंडुबाई कमरेवर हात ठेवून दारात आली. "मिरजेत कवापास्नं भूकंप व्हाया लागलं गं?"

मी तोंडातला घास न चावताच गिळला.

"माजी नणंद दिल्याली हाय कोयनेला. तिची पोरं आशीच बाहीर पळत्यात. पर ताट घिऊन न्हाई पळत. तुला लय भूक लागल्याली दिसत्या."

झालं! मी भोकाड पसरलं. तिनं पदरानं माझी आमटी पुसली, मग डोळे पुसले. तिखट झोंबून मी आणखीच रडले.

मग आवाज खाली करून तिनं विचारलं, "घरी कोन मारतंय? कोन नगं तितं हात लावतंय? खरं सांग. तसं आसंल तर मी तुला घरी धाडायची न्हाई."

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग पळालीस कशापायी?"

"पेढ्यांपायी."

सगळं ऐकून ती मांडीवर थाप मारून हसली आणि मधेच थांबली. "गेल्या साली साईराज म्हनून पोरगं आलतं. म्या शानी, कायबी न इचारता त्येच्या बापाच्या हवाली केलं. बाप निघाला दारुडा. म्हयन्यात पोरगं फिरून पळालं, पर माज्याकडं न्हाई आलं. कुटं हाय, जित्तं हाय का, देवाला ठावं. लय लागून ऱ्हायलंय जिवाला." मग डोळे बारीक करून म्हणाली, "तुला हितं आनून सोडनारा कोन?"

"मामा," मी पढवल्यासारखं म्हटलं. मग तिच्या नजरेपुढं टिकाव लागेना, म्हणून खरं तेही सांगून टाकलं.

तीनला सफारी हजर. "चल गं उमा, गाडी सुटंल."

धोंडुबाई पीठ मळता मळता म्हणाली, "या, मामा. बसा की. हिच्या आईचं म्हायेर कंचं वो?"

मामा घुटमळला. "ते... आता... ते जरा लांब हाय."

"आरं मुडद्या, तिचं म्हायेर म्हंजी तुजंच गाव की रं! सोताचं गाव ठावं न्हाई तुला?"

पहिल्या बाकावरचा भाऊसो उठला. शेजारच्या प्रेसवर तोच असायचा, अंगानंही प्रेससारखाच. त्याच्यामागं अख्खी पंगत उष्ट्या हातांनी उठली. मामा स्कूटर विसरून पळत सुटला, तो मिरजेच्या रस्त्याला लागला. स्कूटर मात्र पोलीस घेऊन गेले.

आप्पांना हापिसात फोन लावला. दुसऱ्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी होती. आप्पा आले ते दाढी वाढलेले, डोळे सुजलेले. माझ्याकडं बघून काही बोललेच नाहीत. मला वाटलं, संपलं. आता हे घरी नेतील, पण बोलणार कधीच नाहीत.

"आदी जेवा, मग बोला," धोंडुबाईनं ताट आदळलं. "आन तू वाड गं बापाला." मी भाकरी घेऊन वाकले.

धाड! पत्रे वाजले. काय होतंय ते कळायच्या आत मी अंगणात होते. शेजारी आप्पा, अनवाणी, धापा टाकत. त्यांचं ताट आत बाकाखाली उपडं पडलं होतं. उष्ट्या हातानं त्यांनी माझं मनगट इतकं गच्च धरलं होतं, की बांगडी रुतली.

"बंद कर रं भाऊसो!" धोंडुबाई ओरडली. सुट्टीच्या दिवशी प्रेस कुणी चालू करायला लावली, ते तेव्हा कळलं.

आप्पा संतापून वळले. "बाई, ही काय चेष्टा?"

"चेष्टा न्हाई वो. काल एक मामा म्हनून आलता, आज तुमी बाप म्हनून आला. म्या आडानी बाईनं कसं वळखायचं? म्हनलं, धक्का बसल्यावं मानूस काय उचलतंय ते बघावं. तुमच्या पोरीनं ताट उचललं हुतं. तुमी पोर उचलली. न्या आता, तुमचीच हाय."

आप्पा माझ्याकडं वळले. म्हणाले, "पेढ्यांचं चुकलं गं माझं."

गाडीत बसलो. कऱ्हाड गेलं, पाटण गेलं. कंडक्टरनं दोनदा तिकीट मागितलं, दोन्ही वेळा आप्पांनी डाव्या हातानं काढून दिलं. उजव्या हातातलं माझं मनगट त्यांनी कोयनेपर्यंत सोडलं नाही.