न मावळणारा सूर्य

तापलेल्या पत्र्याचा वास आला की केशवापुरातली एक संध्याकाळ आठवते. उत्तर ध्रुवाकडे सुट्टी घालवून आलेली मडम पत्र्याच्या कंदिलाच्या यंत्रानं मिशनशाळेच्या भिंतीवर चित्रं दाखवत होती. बर्फ, तंबू, त्यापुढं उकळणारी किटली. "उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळतच नाही," ती कानडीत म्हणाली. चारचौघांत कधी न बोलणारी माझी काकू एकदम उठली. "बाईसाहेब, मग सोमवारचा उपवास सोडायचा केव्हा?" आजोबांकडे बघायची माझी छाती होईना. पण तेच खो खो हसले. "सूनबाई, तू मंगळवारी जा नि रविवारी परत ये!" "एवढ्या लांब गेले तर महिनाभर येणार नाही, मामंजी," काकू म्हणाली, आणि मडमसुद्धा पोट धरून हसली. आमचा टांगा घरापर्यंत हसतच आला. आज वाटतं, काकूनं खरंच जायला हवं होतं.