दाजी जामीन राहिले

एव्हरशाईन सिटीतला माझा फ्लॅट बँकेने लिलावात काढला, तेव्हा मी चक्क सुटकेचा निःश्वास टाकला. नोकरी गेली होती, हप्ते थकले होते. घर गेलं म्हणजे कर्ज फिटलं, असं मी धरून चाललो. काय ती अक्कल! फ्लॅट पडेल भावात गेला. उरलेल्या रकमेपोटी बँकेने माझी मुदत ठेव वळती करून घेतली, तरी बाकी राहिलीच. क्रेडिट स्कोअर असा खाली बसला की हप्त्यावर साधा मोबाईल कुणी देईना. तेही गिळलं. करावे तसे भरावे.

पण जामीन होते दाजी, अर्नाळ्याला दिलेल्या माझ्या बहिणीचे यजमान. स्वतःच्या मासेमारीच्या होडीचे मालक, नाखवा. कर्ज घेताना "सही कुठं करू, तेवढं सांग," इतकंच बोलले होते. बँकेची पत्रं त्यांनाही जात असणार, हे ठाऊक असून मी एक फोन केला नाही. कुठल्या तोंडाने बोलायचं?

नारळी पौर्णिमेला राखीसाठी मात्र जावंच लागलं. किनाऱ्यावर होड्या रंगवून, पताका लावून सजवल्या होत्या. दाजींची तेवढी ताडपत्रीखाली. इंजिन कायमचं बंद पडलं होतं आणि नव्यासाठी कर्ज मागितलं, तर बँकेने नाही म्हटलं. तुम्ही जामीन असलेलं कर्ज थकलंय, आता तुमचाही स्कोअर बिघडलाय. बहिणीने राखीची गाठ मारता मारता हे सांगितलं.

"पत्रं आली नाहीत?" मी विचारलं.

"आली ना. हे म्हनले, तो बघून घेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओवाळणीचं पाकीट ताटात टाकताना मान वर होईना.

बाहेर आलो, तर शेजारी दाजींना विचारत होता, "काय नाखवा, होडी नाय काढली यंदा?"

"इंजिनवाल्यानी टाईम लावला," दाजी म्हणाले. माझ्यासमोर, माझ्यासाठी खोटं बोलले.

संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर गेलो. दाजी शेजाऱ्याच्या होडीवर चढले. मला वाटलं, सणाचे म्हणून चढले असतील.

"उद्यापासून त्यांच्यासंगती जानार," बहीण म्हणाली. "खलाशी म्हनून."

नारळ वाहायचा मान नाखव्याचा. शेजाऱ्याने दर्याला नारळ वाहिला, सगळ्यांनी हात जोडले. दाजी तेवढे खाली वाकून त्याच्या होडीचा दोर आवरत होते.