बाटलीतला नारू

धावडा गावात मोट हाकणारी बाई एकच, गोजरबाई. तिच्या पायातून नारू निघाला, तेव्हा नवरा कडूबा तो जंत रोज थोडाथोडा काडीवर गुंडाळत होता. तेवढ्यात हैदराबादच्या विद्यापीठातून नारूवर संशोधन करणारे डॉक्टर आले.

"बाटलीत ठेवायला अख्खा जंत पाहिजे. आत्ताच ओढू."

"साहेब, तुटला तं पाय सडंल," गोजरबाई म्हणाली. "मंग मोट कोण हाकंल?"

"सडेलही. पण आम्हाला निघायचंय."

कडूबानं विचारलं, "बाटलीवर नाव कुणाचं?"

"तुमचं लिहू."

"मंग ओढा जल्दी!" त्यानं बायकोचे खांदे दाबून धरले.

जंत मधेच तुटला. गोजरबाईची किंकाळी विहिरीपर्यंत गेली. ती स्वतः मात्र तिथं पुन्हा कधी चालत गेली नाही.

तुकडा फेकून डॉक्टर उठले, तसा कडूबा मागं धावला. "थांबा साहेब! आमच्या मायच्या पायातबी हाय!"