ओलं गोणपाट

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला अजून कोल्हारचा रस्ता आठवतो. कॉलेजात मी काही धातूंची ऑक्साइडं एकत्र भाजून एक संयुग बनवलं होतं. खूप कमी तापमानाला ते अतिवाहक होईल, म्हणजे विजेला जराही अडवणार नाही, असं माझं गणित सांगत होतं. पहिल्या चाचणीसाठी जनावरांच्या दवाखान्यातून, जिथे वळूचं वीर्य गोठवून ठेवायला तो वापरतात, कॅनभर द्रवरूप नायट्रोजन घेतला. आण्णा, माझे वडील, स्कूटरवर माझ्यामागे कॅन पोटाशी धरून बसले. पेट्रोल भरून निघालो आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, कॅनमधून निघणारी मघाची पांढरी वाफ आरशात दिसत नाहीये. थांबून पाहिलं, तर मी पेट्रोल भरत असताना आण्णांनी, दुधाच्या कॅनला बांधतात तसं, कॅनच्या तोंडावर ओलं गोणपाट दाबून सुतळीनं आवळलं होतं. ते गोठून दगड झालं होतं, आणि आत वायू कोंडत चालला होता; कॅन कधीही फुटला असता. "आण्णा, खाली ठेवा ते, लांब व्हा!" "आगं, समदं सांडंल की!" मी कॅन ओढून घेऊन रस्त्याकडेला ठेवला. डिकीतल्या विळ्यानं सुतळी कापली, तसं गोठलेलं गोणपाट उडून उसात जाऊन पडलं. संयुग पुढे खरंच अतिवाहक निघालं. आण्णा आजही पाहुण्यांना सांगतात, "पोरीनं घाई केली, न्हाईतर येक थेंब सांडू दिला नसता म्या." मी नुसती मान डोलावते, आणि त्यांच्या पोटाकडे बघत राहते.