रेल्वे विचारली, बाटली दिसली

आमच्या रोपवाटिकेत शेडनेटच्या दाराशी, टिनाखाली, एक टेबल आहे आणि त्यावर कॉम्प्युटर. तो मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. माझं माहेर नांदुऱ्याचं. लग्नाआधी तिथं मी पोरांना कॉम्प्युटर शिकवत होते, पण वरवट बकालला आल्यावर या टेबलाजवळ मी पाहुणी. मामाजी साठी उलटल्यावर एका बोटानं टाइप करायला शिकले होते, आणि त्या बोटाचा त्यांना इतका अभिमान की दुसऱ्या कुणाचं बोट तिथं चालत नसे.

सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की पडद्यावर देव यायचा. रोज वेगळा. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त. मागे हिवाळ्यात कुठल्याशा पानावर 'रोज देवदर्शन, मोफत' असं बटण दिसलं आणि त्यांनी ते दाबलं. तेव्हापासून ते चप्पल बाहेर काढून खुर्चीत बसायचे, हात जोडायचे, मगच कामाला लागायचे. मलाही ते आवडायचं. चहाचा कप ठेवता ठेवता मीही हात जोडून घ्यायची.

लागवड तोंडावर आली आणि मिरचीच्या रोपांची पानं वाकडी व्हायला लागली. आसपासच्या गावांतल्या लोकांनी रोपं आधीच सांगून ठेवलेली. ती गेली असती तर त्यांचा हंगाम गेला असता आणि मामाजींचा शब्दही. आणि मामाजींकडं शब्दाशिवाय दुसरी मिळकत नाही असंच ते मानतात. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं. एक हिरवी बाटली दिसली. पुन्हा वेगळ्या शब्दांत शोधलं, पुन्हा तीच बाटली. दहा ठिकाणी विचारून दहाही जण एकच सांगतात म्हणजे ते खरंच असणार, असा त्यांचा सरळ हिशोब. बाटली मागवली, आली. आमच्याकडे रीत अशी की कुणीही फवारायच्या आधी येऊन विचारतं, कॉम्प्युटर काय म्हणते? तसे शेजारच्या शिवारातले दोघं आले होते. मामाजींनी त्यांनाही तीच बाटली मागवून दिली.

ज्या दिवशी संध्याकाळी आमच्या सगळ्या रोपांवर फवारा मारायचा होता, त्याच दुपारी माझी आई नांदुऱ्याहून भुसावळला जाणार होती. गाडी कधीची, हे तिनं मला पाहायला सांगितलं. माझ्या मोबाइलची बॅटरी संपलेली. मामाजी जेवून आडवे झालेले. मी बसले त्या खुर्चीत आणि टाइप केलं, नांदुरा रेल्वे वेळापत्रक.

वर हिरवी बाटली. खाली हिरवी बाटली. मिरचीच्या पानांवर रामबाण.

मला हसू फुटलं. मग सहज गंमत म्हणून पुरणपोळी टाइप केलं. पुन्हा बाटली! आता मात्र हसू थांबलं, कारण पाणी कुठंतरी मुरत होतं. मी पुन्हा शोधलं आणि या वेळी नजर पत्त्याच्या पट्टीवरच ठेवली. बटण दाबताक्षणी तिथं एक अनोळखी नाव झर्रकन येऊन गेलं, बिळात शिरणाऱ्या सापाची शेपटी दिसावी तसं. सापडला! आम्ही विचारतोय एकाला आणि उत्तर देतोय भलताच. शोधाचं सेटिंग उघडलं तर तिथं तेच अनोळखी नाव बसलेलं. मी ते बदलून आपलं नेहमीचं लावलं. पान बंद करून उघडलं तर ते परत हजर. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. किती दिवसांनी माझं शिकलेलं माझ्या हातात आलं होतं.

ब्राउझरला जोडलेल्या जादा गोष्टींची, म्हणजे एक्स्टेंशनची, यादी उघडली. यादीत एकच होतं. मामाजींचं देवदर्शन.

मोबाइल थोडा चार्ज झाल्यावर आईला गाडीची वेळ कळवली आणि त्यावरच मिरचीचाही प्रश्न विचारला. तिथं बाटलीचा मागमूस नाही. फुलकिडे असतील, कोळी कीड असेल, आधी पान जाणकाराला दाखवा, असं निरनिराळं लिहिलेलं. मी धावतच शेडमध्ये गेले. हे पंप धूत होते. मी एका दमात सगळं सांगितलं तर म्हणाले, "बाबाले सांग. मले नोको सांगू." आमच्या घरात हे उत्तर ठरलेलं.

मामाजींना सांगितलं आणि जे व्हायचं तेच झालं. माझ्या खुर्चीत कोण बसलं, इथून सुरुवात. मग देवाचं पान आणि त्याच्यावर आळ? माझाही राग नाकावरच असतो. मी म्हटलं, रेल्वे विचारली तर मिरचीचं औषध सांगणारा देव मी अजून पाहिला नाही. हे खाली बघत पंप धूतच राहिले, धुऊन झालेला पंप. शेवटी मामाजी एवढ्यावर आले की आज एकाच ट्रेवर फवारा मारायचा, बाकीच्यांवर उद्या. "पण रात्रीतून रोपं गेली, तर लोकायले तोंड तू दाखवजो," म्हणाले.

त्या रात्री झोप कसली येते. माझं म्हणणं चुकलं आणि थांबल्यामुळंच रोपं गेली तर? सकाळी चहाही न ठेवता मी शेडकडे निघाले तर मामाजी माझ्या पुढं. हेही मागून आले. बाकीचे ट्रे जसेच्या तसे, पानं वाकडी पण हिरवी. फवारलेला ट्रे मात्र उकळतं पाणी ओतल्यासारखा. रोपं माना टाकून पडलेली, पानांच्या कडा पांढऱ्या. मी जिंकले होते आणि तरीही त्या ट्रेकडे बघून मला रडू आलं. मामाजींनी एक रोप बोटांत धरलं, ते तसंच मोडलं.

ते माझ्यावर चिडले नाहीत, स्वतःवरही नाही. आधी खिशातून फोन काढला आणि बाटली नेलेल्या त्या दोघांना लावला. पहिल्याला म्हणाले, फवारू नको, माझं चुकलं. माझं चुकलं हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. दुसरा फोनच उचलेना. मग यांनी मोटारसायकल काढली आणि वावराच्या बांधावर पंप पाठीला बांधून उभा असलेला तो माणूस गाठला. यांचा फोन आला, "थांबला तो," आणि मामाजी तिथंच ट्रेच्या कडेला खाली बसले. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यासमोर टाळी वाजवली. सुनेनं सासऱ्यापुढं टाळी वाजवावी का, हे तेव्हा सुचलंच नाही.

परतताना हे संग्रामपूरला जाऊन जाणकाराला वाकडी पानं दाखवून आले. किडा साधाच निघाला, औषधही साधंच. पुढं नवी पानं सरळ आली आणि ज्यांनी रोपं सांगितली होती त्यांना ती मिळाली.

पण ट्रे गेला त्या दिवशी दुपारी कॉम्प्युटरचं काम अजून राहिलंच होतं. मामाजींनी स्वतः खुर्ची माझ्याकडं सरकवली. मी यादी उघडून त्या एक्स्टेंशनला काय काय परवानग्या आहेत ते मोठ्यानं वाचलं. तुम्ही पाहता त्या सगळ्या वेबसाइटवरचा मजकूर वाचणं आणि बदलणं. तुमचं शोधाचं सेटिंग बदलणं. ही परवानगी हिवाळ्यात त्या एका बोटानंच दिली होती. ते मी म्हटलं नाही, त्यांना कळलं.

मामाजी पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "देव सारं वाचते, हे खरं. पण आपलं लिहिलेलं बदलत नाही देव."

मी 'काढून टाका'वर बाण नेला तर त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तसं नव्हतं. आमच्या घरात गणपती छापलेली लग्नपत्रिकासुद्धा कचऱ्यात जात नाही. डब्यात साठवतात आणि वर्षाकाठी नदीत सोडतात. आणि त्या दिवशी मंगळवार, पडद्यावर गणपती. असं कसं काढून टाकायचं? मामाजी आत गेले, हातपाय धुऊन आले, मुठीत अक्षता. त्यांनी उत्तरपूजा केली. अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि मूर्ती जागची हलवतात तसा मॉनिटर दोन्ही हातांनी जरासा सरकवला. मी हसणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून मीही पदर खांद्यावरून घेतला आणि हात जोडले.

मग त्यांनी आपल्या त्याच बोटानं बटण दाबलं. नक्की काढायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. त्यांनी पुन्हा दाबलं. गणपती गेला, कोरं पांढरं पान आलं. मी शोधाचं सेटिंग परत बदललं आणि या वेळी ते जागेवर राहिलं.

हे दारात उभे होते. इतक्या वर्षांची जीभ, ती आपोआप वळली. "पुढच्या वर्षी लवकर या," म्हणाले.

मामाजी वळले. "बाप्पा घरातच हायेत बे," ते म्हणाले. "त्यायच्या आडून जो आल्ता, त्याले नोको बलावू."