दोनशे ऐंशी घोड्यांचा मालक

मी लिफ्ट तपासतो. इमारतीच्या माथ्यावर मशीनची खोली असते, तिथे जाऊन तारेचे दोर बघायचे, ब्रेकची पट्टी किती झिजली ते पाहायचं, मग लिफ्टच्या टपावर उभं राहून सावकाश खाली यायचं, असं हे काम. लोक म्हणतात, अशा कामाने माणूस भित्रा होतो. माझ्या बाबतीत तो आळ कामावर घेता येणार नाही. लहानपणी झोपाळ्यावर बसण्याआधी मी वरची कडी तपासायचो, आणि माझी तपासणी होईपर्यंत झोपाळ्यावर दुसरंच कुणीतरी बसलेलं असायचं.

अशा माणसाने पन्नाशीत दोनशे ऐंशी अश्वशक्तीची टर्बो गाडी घेतली. बातमी ऐकून ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, फोनवर म्हणाली, "अरे, तू जिना उतरताना कठडा धरतोस."

"कठडा धरण्यासाठीच असतो, ताई."

"मग गाडीत काय धरणार आहेस?"

झालं होतं असं. एका इमारतीत गाड्या वर नेणारी मोठी लिफ्ट आहे, ती मी तपासत होतो. तिच्यात एक गडद निळी गाडी उभी होती. दिसायला साधीच, चार दारांची, कुणाच्याही मामाची असावी अशी. तपासणीसाठी लिफ्ट रिकामी हवी म्हणून मालकाने गाडी सुरू केली. बंद चौकोनात तो घुमणारा आवाज माझ्या पायांतून वर आला आणि छातीत जाऊन बसला. लिफ्टच्या मोटारी कुरकुरतात, खेकसतात. इतकं गोड कुणी माझ्याशी कधी बोललंच नव्हतं. मालक परदेशी चालला होता, गाडी विकायची होती. मी हातातली बॅटरी चालू ठेवूनच सौदा केला.

तसा नाही केला, खोटं कशाला सांगू. आधी अभ्यास केला. त्या काळात घरात दुसरा विषय नव्हता. दोन लिटरचं इंजिन, चार सिलिंडर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूवर एक चक्र फिरतं, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं, आणि जास्तीची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. त्यालाच टर्बो म्हणतात. म्हणून एवढंसं इंजिन मोठ्या इंजिनाचं काम करतं. जोर सगळ्यात जास्त मिळतो तो इंजिनाच्या अठराशे फेऱ्यांपासून पुढे साडेचार हजारांपर्यंत. हे मी बायकोला जेवताना सांगायचो, मुलीला फोनवर सांगायचो, शेजाऱ्याला त्याच्याच दारात गाठून सांगायचो. टर्बोचं बेअरिंग तेलावर तरंगतं, तेल वेळेवर बदललं नाही तर ते जातं, टायमिंग चेन सैल पडू शकते, हेही मला पाठ होतं. कुठे काय मोडू शकतं हे माहीत असलं की मला शांत झोप लागते. इतरांची उडते.

बायको सगळं ऐकून घ्यायची. ती शहरात बस चालवते, दोन डब्यांची, मध्ये घडीच्या पडद्याने जोडलेली लांबलचक बस. दिवसभर शेकडो माणसं तिच्या भरवशावर उभ्याने झोपा काढतात. अशा बाईला मी म्हणालो होतो, "या गाडीचं तंत्र वेगळं आहे. बसची सवय असलेल्या पायाला ती लगेच झेपायची नाही." तिने मान डोलावली आणि भांडी आवरायला घेतली. गाडीची किल्ली माझ्याच खिशात राहिली.

आता मी ती गाडी चालवायचो कशी, ते सांगतो. घर ते कार्यालय, कार्यालय ते घर. अंतर एवढंसं की इंजिन नीट तापायच्या आत मी पोचलेला असायचो. वेग चाळीस. फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या जवळ आला की माझा पाय आपोआप वर यायचा. एकदा सिग्नल सुटल्यावर सायकलवरचे एक आजोबा माझ्या पुढे गेले. वळून त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. त्यांना वाटलं असावं, गाडी ढकलत आणलीय. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही इतकंच.

आणि मग एका सकाळी गाडी आजारी पडली. थंडगार इंजिन सुरू केलं तर ते गचके देऊ लागलं, बॉनेट थरथरलं आणि समोर पिवळा दिवा लागला. मी तिथेच मनात टर्बोवर फुलं वाहिली.

गॅरेज एका बाईंचं होतं. ठसठशीत बाई, बोलणं सरळ. त्यांनी गाडीला यंत्र जोडलं, एक नळीसारखा कॅमेरा आत घातला आणि पडदा माझ्याकडे वळवला. आत जाणाऱ्या हवेच्या वाटेवरचे व्हॉल्व्ह काजळीने असे माखले होते की जणू कुणी डांबर ओतलंय.

"टर्बो गेला का?" मी हळूच विचारलं.

"टर्बोला काय धाड भरलीय? नवा कोरा आहे. वापरलाय कुणी त्याला?"

मग त्यांनी समजावलं. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, त्यामुळे ते व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. काजळी थोडीफार सगळ्यांनाच धरते. पण थंड इंजिनावर सारखं इवलंइवलंसं चालवलं की तिचं फावतं. आम्ही अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून ते साफ करू, प्लग आणि तेल बदलू, असं म्हणाल्या. "पण पुढे काय? काका, ही गाडी सांभाळून ठेवून टिकत नाही. आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर न्या. इंजिन पूर्ण तापू द्या आणि मग चार-पाच हजारांपर्यंत जाऊ द्या."

"चार-पाच हजार काय?"

"फेरे, काका."

मला कळलं होतं. मी फक्त वेळ काढत होतो.

साफसफाई झाल्यावर मी एकटाच मोकळ्या रस्त्यावर गेलो. अडीच हजारांवर गाडीने मागून हलकासा धक्का दिला, मी घाबरून पाय काढला, मागचा ट्रक भोंगा वाजवत गेला, आणि मी पहिल्या वळणावरून घरी परतलो. बायको दारातच होती. माझ्या तोंडाकडे बघून तिने नुसता हात पुढे केला. मी किल्ली ठेवली.

रविवारी ती चालवायला बसली. आधी खुर्ची पुढे-मागे केली, तिन्ही आरसे लावले, क्लच दोनदा दाबून पाहिला. शहर सुटेपर्यंत माझ्याहूनही सावकाश चालवली, तेल तापू दिलं. मला बरं वाटलं. मग चढाचा रुंद रस्ता आला, पुढे एक ट्रेलर रांगत होता. तिने आरशात पाहिलं, दिवा दिला, गिअर एक खाली घेतला आणि पाय दाबला.

पाठ खुर्चीत रुतली म्हणतात ती काय असते ते मला तेव्हा कळलं. काटा चार हजारांवरून पुढे सरकत होता, ट्रेलर मागे गेला होता, आणि माझा उजवा पाय माझ्या बाजूला नसलेला ब्रेक जीव खाऊन दाबत होता. मी म्हणालो, "साडेचार हजारांनंतर जोर कमी होतो." का म्हणालो, देव जाणे. तोंडातून दुसरं काही निघेना.

ती हसत होती. मोठ्याने नाही, पण सगळ्या चेहऱ्याने. इतक्या वर्षांच्या संसारात तो चेहरा मी पाहिला नव्हता. बसमधून उतरते तेव्हा तिचा चेहरा नुसता दमलेला असतो.

घाटमाथा ओलांडून परत फिरलो तर मध्येच तिची नजर तापमानाच्या काट्यावर गेली. तो वर चढत होता. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, मागे लाल त्रिकोण ठेवून आली. बॉनेटखालून वाफ येत होती. माझ्यातला तपासनीस जागा झाला आणि मी पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायला गेलो. तिने माझ्या हातावर फटका मारला.

"भाजून घ्यायचंय का? गरम आहे ते."

म्हणजे माणसांच्या सुरक्षेचा पगार घेणाऱ्या मला एका बस ड्रायव्हरने वाचवलं, तेही माझ्याच गाडीपासून. आम्ही कठड्यावर बसून ओढून नेणाऱ्या गाडीची वाट पाहत राहिलो. मी नंतर कळलेलं आत्ताच सांगतो: चेन नाही, बेअरिंग नाही, इंजिनाला पाणी पोचवणाऱ्या पंपाचं तळहाताएवढं प्लास्टिकचं कवच तडकलं होतं. माझ्या एवढ्या अभ्यासात ते कुठेच नव्हतं. तिने वेळेवर गाडी थांबवली म्हणून इंजिन वाचलं.

"तू कधी किल्ली का मागितली नाहीस?" मी विचारलं.

ती चपलेतून पाय काढून बोटं हलवत होती. "तुम्ही त्या इंजिनाबद्दल बोलायचात ना, तेव्हा बरे दिसायचात. एरवी तुम्ही कशाबद्दल बोलता? दोर झिजलाय, पट्टी झिजलीय. म्हटलं, असू दे काहीतरी त्यांचं एकट्याचं."

"आणि ते बसच्या पायाबद्दल बोललो ते?"

"ते ऐकून हसू आलं. तुमच्यासमोर कसं हसणार, म्हणून भांडी घासली."

एक मोठी गाडी जोरात गेली आणि आम्हा दोघांच्या अंगावर धूळ उडाली. तिने माझ्या खांद्यावरची झटकली, मी तिच्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पंप बदलला, पुढे एकदा प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल गेली, एकदा क्लच. टर्बो मूळचाच आहे. गॅरेजवाल्या बाई म्हणतात, नीट तापवून चालवलेली गाडी अशीच टिकते, आणि हे म्हणताना त्या माझ्याकडे नाही, बायकोकडे बघतात. रविवारी ती चालवते. मी शेजारी बसतो, टायरमधली हवा आणि तेलाची पातळी माझ्याकडे. ताई एकदा मागे बसली होती, उतरल्यावर तिने पाणी मागितलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "पुढच्या रविवारी कुठे जाताय?"

मागच्या महिन्यात मात्र बायकोने चढाच्या आधी गाडी थांबवली आणि मला चालवायला बसवलं. रस्ता रिकामा होता. "गिअर खाली घ्या," ती म्हणाली. घेतला. "आता दाबा. काढायचा नाही मी सांगेपर्यंत." काटा तीन हजारांवर गेला, चार हजारांवर गेला, तो आवाज पायांतून वर येऊ लागला. मी दाबून धरलं होतं. भीती वाटत होती का? वाटत होतीच. पण तिच्याबरोबर दुसरंही काहीतरी वर येत होतं, आणि त्याला काय म्हणतात ते मला या वयात माहीत असायला हवं होतं.

"छान," बायको म्हणाली. "आता वरचा गिअर टाका. आणि श्वास सोडा, किती वेळ धरून ठेवलाय."